सांगून जायचं, कुंदाताई

कुंदाताई, परवा तुमची तेरवी झाली. पंगती वेळेवर उठल्या, पुरण कमी पडलं नाही, आणि फोटोचा हार तुमच्या भावानं दोनदा सरळ केला तेवढं सोडलं, तर कुणी मोठ्यानं रडलंसुद्धा नाही. जाताना सगळे म्हणाले, शांतपणे झालं बाई सगळं. माझं मात्र काही शांत झालेलं नाही. मी तुमच्यावर रागावले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. नणंद गेल्यावर भावजय रुसून बसली, असं कुठं ऐकलंय का? पण बसले आहे खरी.

दिल्लीला मला तुम्ही पाठवलंत. दवाखान्याच्या खाटेवर पडलेल्या, नाकात नळी, हाताला सुई, आणि तरी तोंड चालूच. "जाय म्हणून राहिली ना मी. इंटरव्ह्यू काय रोज येते का?" डॉक्टर म्हणाले होते की दोन-चार दिवसांत घरी नेता येईल. त्या भरवशावर मी गेले. आणि मी तिकडे त्या गारढोण खोलीत बसून लहान मुलांच्या शिक्षणावर बोलत होते, तेव्हा तुम्ही इकडे कधीच्या गेला होतात. वर तुमच्या भावाला बजावून ठेवलंत की रंजनाचा इंटरव्ह्यू होईस्तोवर तिला फोन करायचा नाही. हे बिचारे बहिणीच्या शब्दाबाहेर आयुष्यात कधी गेले नाहीत, त्या दिवशी कसे जाणार! दुपारी फोनवर म्हणाले, "ताई गेली. सकाळीच गेली." सकाळीच! आणि मी त्या लोकांनी दिलेला चहा पिऊन, बिस्किटं खाऊन, हसून त्यांचे आभार मानून बाहेर आले होते.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण तुम्ही? रायपूरच्या आपल्या तात्यापाऱ्यातल्या दोन पिढ्यांच्या आयांना ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही बालवाडीच्या दारात उभं राहून दम भरलात, तीच गोष्ट तुम्ही माझ्याशी केलीत. तुम्ही मला न सांगता गेलात.

सगळीकडे आया काय करतात? पोराला बालवाडीत आणतात, खेळण्यापाशी बसवतात, आणि त्याचं लक्ष नाही असं बघून मागच्या मागे सटकतात. पोर मान वळवतं तो आई गायब. मग जो टाहो फुटतो तो दुसऱ्या दिवशी घराच्या उंबऱ्यापासूनच सुरू होतो. आपल्याकडे हे चालत नसे. आपल्या बालवाडीत तुमचा कायदा होता, सांगून जायचं. आईनं खाली बसायचं, पोराच्या डोळ्याला डोळा लावायचा, मी आता जाते असं तोंडानं म्हणायचं, कधी येणार ते खरंखरं सांगायचं, आणि जाताना आपली एखादी वस्तू त्याच्या हातात द्यायची. बहुतेक जणी रुमाल द्यायच्या. त्याला तुम्ही नाव दिलं होतं 'ठेव'. दुपारी आई आली की पोर ठेव परत करायचं आणि चप्पल घालायला पळायचं. हिंदी बोलणाऱ्या, छत्तीसगढी बोलणाऱ्या आयासुद्धा 'ठेव'च म्हणायला लागल्या. एखादी म्हणाली, "दीदी, बताके जाऊंगी तो बहुत रोएगा," की तुमचं उत्तर ठरलेलं. "रोने दो. रोएगा तो चुप भी होगा. धोका मत दो." आणि जिची दुपारी यायची खात्री नसे तिला तर तुम्ही सोलून काढायच्या. येणार नसशील तर येते म्हणू नको, आजी येणार असेल तर आजी येईल म्हण, पण खरं बोल.

हा कायदा मी बालवाडीत यायच्या आधीच शिकले होते, आठवतं? लग्न होऊन भंडाऱ्याहून या घरात आले तेव्हा माझ्यासोबत पाठराखीण म्हणून आत्या आली होती. चौथ्या दिवशी दुपारी मी जरा पडले होते, डोळा लागला, उठून बघते तर आत्याची पिशवी नाही, आत्या नाही. मी रडेन म्हणून मला निजलेली बघून ती गाडीवर गेली. सासूबाई म्हणाल्या, सवाष्णीनं असं रडू नये. तुम्ही मात्र कंबरेवर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणालात, "आत्याबाईनं असं काहून केलं? पोट्टी काय गाय आहे का, दावं बांधून निघून जायले?" दुसऱ्या दिवशी मला बालवाडीत घेऊन गेलात. तिथं खिडकीखाली एक चटई होती. नव्यानं आलेली तीन पोरं त्यावर बसून आपापलं रडत होती. तुम्ही मला म्हणालात, "बस इथं. इथं रडणं चालते. कोणी काही म्हणणार नाही." एम्ब्रॉयडरीची साडी, हातभर हिरवा चुडा, आणि मी त्या शेंबड्या पोरांच्या ओळीत बसून मनसोक्त रडले. रडता रडता एका पोरानं मला आपला अर्धा चिवडा दिला. तेव्हापासून जी मी त्या खोल्यांत बसले ती आजवर.

म्हणून म्हणते, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

आणि आता वर हा पेच घालून गेलात. मुलाखत चांगली झाली. त्या लोकांनी मला घेतलंय. लहान मुलांच्या शिक्षणाचं काम देशभर करणारी संस्था, मुख्य कचेरी दिल्लीला, पण माझी जागा इथंच, तेलीबांध्याच्या नव्या इमारतीत. अंगणवाड्यांच्या ताईंना शिकवायचं, जिल्ह्याजिल्ह्यांत फिरायचं. सोमवारी मला हो किंवा नाही कळवायचं आहे. हो म्हटलं तर बालवाडीतून मी उठले. तुमच्यामागे लगेच मीही उठले तर त्या दोन खोल्यांचं काय? आणि नाही म्हटलं तर ज्याच्यासाठी तुम्ही इतकी वर्षं माझ्या मानगुटीवर बसलात, त्याचं काय? हे कुणाला विचारायचं, तर ज्यांना विचारायचं त्याच निघून गेल्या.

तसं तुमचं उत्तर मला पाठ आहे. छत्तीसगढचं राज्य नवं झालं, आपलं रायपूर बघता बघता राजधानी झालं, तेव्हापासूनचं ते उत्तर. गावात रोज नवी पाटी लागत होती. समता कॉलोनीत ज्या घरांच्या अंगणात पापड वाळायचे, तिथं पांढऱ्या जीपा उभ्या राहायला लागल्या. कुणी पोषणाचं काम करणारे, कुणी शिक्षणाचं, कुणी नुसतेच सर्वेवाले. लोक जमिनीच्या भावाच्या गप्पा मारत होते आणि तुमचे डोळे वेगळ्याच गोष्टीनं चमकत होते. "रंजना, दिल्लीच इथं आली आता. आपल्याले फक्त दार वाजवायचं आहे." मग लुनावर पुढे तुम्ही, मागे मी, माझ्या मांडीवर तुमची फाइल. शनिवारी दुपारी बालवाडी सुटली की आपली स्वारी निघायची. कोणती संस्था मुलांची वजनं घेते, कोणती गोष्टींची पुस्तकं काढते, कोणती शिक्षिकांना तयार करते, कोणाला कायमची माणसं हवीत आणि कोणाला चार महिन्यांपुरती, सगळं तुम्हाला ठाऊक. मी म्हणायचे, ताई, तुम्ही तर रोजगार कार्यालय उघडा. तुम्ही म्हणायच्या, "उघडीन. तुले पहिला नंबर देईन."

एका कचेरीतला तो तरणाताठा साहेब आठवतो? फार गोड बोलायचा. "मैडम, आपको समाजसेवा में रुचि है?" तुम्ही पदर सावरून, ताठ बसून म्हणालात, "सेवा में नहीं भैया, नौकरी में है." मला हसू आवरेना. बाहेर येऊन मी म्हटलं, असं बोलतं का कुणी? तर तुम्ही लुनाला किक मारता मारता मलाच झापलंत. "बँकेतल्या बाईले कोणी विचारते का, नोटा मोजायची सेवा करता का म्हणून? पोट्टे सांभाळायचं काम आलं की लगेच सेवा! सेवा म्हटलं की खुर्ची द्यावी लागत नाही, पेन्शन द्यावी लागत नाही. फुकटात आरती होते."

तुम्हाला कुणी घेतलं नाही. त्यांच्याही अटी होत्या, एका अर्थी बरोबरच होत्या, पदवी हवी, वय कमी हवं. तुमच्याकडे मॅट्रिक आणि जुनं बालवाडीचं शिक्षण. एकानं मात्र तुम्हाला शिबिरात बोलायला बोलावलं. तुम्ही दोन दिवस तयारी केलीत, नवी साडी नेसलात. संध्याकाळी आलात त्या हातात शाल आणि नारळ घेऊन. दारातच पिशवी आपटलीत. "शाल कोणाले पाहिजे? मले टेबल पाहिजे होतं." त्या नारळाची आपण चटणी केली, आणि ती शाल तुम्ही बालवाडीत बाहुल्यांच्या खेळाचा पडदा म्हणून लावलीत. अजून तिथंच आहे. त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात हे मला माहीत होतं. पोट बिघडलंय म्हणालात आणि मी तेच खरं धरून चालले. जवळ येऊन पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं होतं, पण तुम्हाला कुणी कीव केलेली चालायची नाही, म्हणून नुसतं ताट झाकून ठेवलं. तेवढं एक राहून गेलं.

मग तुम्ही तुमची गाडी माझ्याकडे वळवलीत. घरातली एकच बी. ए. झालेली बाई, सापडली तावडीत! पत्रानं होणारी ती बालशिक्षणाची पदविका तुम्ही मला करायला लावलीत. अभ्यास माझा आणि जागरण तुमचं. पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती कापून गॅसच्या ओट्यावर भिंतीला चिकटवायच्या. मी पोळ्या लाटायचे आणि तुम्ही मोठ्यानं वाचायच्या, "प्रवासाची तयारी हवी. हे घे, तुले तर फिरायची हौसच आहे." माझी सई लहान होती तेव्हा, तिला वाटायचं घरात सगळेच लोक जेवताना जाहिराती वाचतात.

आणि मी म्हणायचे, मला नाही जायचं. मला त्या खोल्यांतच बरं वाटतं. सकाळी दार उघडलं की पोरं येऊन गुडघ्याला बिलगतात, त्यांचे हात कधी ओले, कधी गुळानं चिकट. कचेरीत माझ्या गुडघ्याला कोण बिलगणार? तुम्ही म्हणायच्या, "गुडघे गुडघे काय करून राहिली? तुझे गुडघे किती पोट्ट्यांले पुरतील? आपल्या दोन खोल्यांत मावतात तेवढ्यांले. बाकीच्यांच्या ताईले कोण शिकवन?" मी म्हणायचे, बालवाडी कोण पाहील? "दुलारी पाहील. तुले वाटते का, तू नसली तर सूर्य उगवणार नाही?" दुलारी, आपली मदतनीस, तिथंच झाडत असायची, ती म्हणायची, "हव दीदी, मैं देख लूंगी," आणि तुम्ही दोघी मिळून माझ्याकडे बघून हसायच्या. मला तेव्हा फार राग यायचा. वाटायचं, स्वतःला जे मिळालं नाही ते ही बाई माझ्याकडून वसूल करते आहे. एकदा ते माझ्या ओठांवर आलंही होतं. मी ते चहाबरोबर गिळलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बोल ना. अडलं काय?" मी म्हटलं, साखर कमी आहे. तो वाद तिथंच राहिला. आज विचारते, ताई, खरंच तसं होतं का? आणि असलं तरी त्यात वाईट काय होतं, हेही आता म्हणावंसं वाटतं. आपल्या घरात धाकट्या भावजयीसाठी एवढं मोठं स्वप्न दुसऱ्या कुणी बघितलं होतं?

दिल्लीतली हकीकत तुम्हाला सांगायची राहिली आहे. चार जण होते समोर. बोलायला साधे, नीट ऐकून घेणारे. नवीन मूल रडतं तेव्हा तुम्ही काय करता, असं विचारलं. मी म्हटलं, चला, आला प्रश्न माझ्या गल्लीत! आपला कायदा सांगितला, ठेव सांगितली, चटई सांगितली. एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, हे छान आहे, पण जिला सात वाजता वीटभट्टीवर पोचायचं आहे ती आई रोज दारात एवढा वेळ कुठून आणणार?   मी म्हटलं, मला माहीत नाही, पण ज्या ताई अशा गावात काम करतात त्यांना मला विचारायला आवडेल. त्या बाईंनी मान हलवली. बाहेर येताना माझ्या मनात आलं, हा प्रश्न घरी गेल्यावर कुंदाताईला विचारायचा, बघू काय म्हणते. जिन्यावरच होते मी. तेवढ्यात फोन वाजला.

परतीच्या गाडीत मी काय केलं, काय खाल्लं, काही आठवत नाही. घरी आले तर तुमची खाटही उचललेली. हे म्हणाले, "तीच म्हणाली होती ग, पोरीचा इंटरव्ह्यू बिघडवू नको." मी यांच्यावर ओरडले, तुमच्यावर ओरडता येत नव्हतं म्हणून. मग लोक यायला लागले. जो तो सांगत होता, मोठी समाजसेविका गेली, निःस्वार्थ सेवा केली. यांनी पेपरात द्यायला मजकूर लिहिला त्यातही तेच. मी पेन घेऊन 'समाजसेविका' खोडलं आणि 'शिक्षिका' लिहिलं. हे म्हणाले, समाजसेविका चांगलं वाटते ना? मी म्हटलं, ती उठून येईल हं भांडायला. आणि मग मलाच वाटलं, खोडायला नको होतं. आली असती तर बरंच झालं असतं.

आता आज सकाळचं सांगते.

तुम्ही गेल्यानंतर बालवाडी बंद होती, मागच्या सोमवारपासून दुलारीनं उघडली. काल ती घरी आली आणि ओट्याशी उभी राहून रडायला लागली. पोरं रोज विचारतात, बडी दीदी कहां है, आणि घरूनच सगळ्यांना सांगून ठेवलंय, दीदी गांव गई है. हे म्हणाले, लहान आहेत, काय कळते त्यांना, विसरतील हळूहळू. सई म्हणाली, "मम्मी, बुआ होती ना, तो सबकी क्लास लेती." पोर मराठीत कधी उत्तर देणार नाही, आत्याला बुआच म्हणणार, पण बोलली ते बरोबर बोलली. तुमच्याच बालवाडीत, तुमच्याच पोरांना, तुमच्याचबद्दल खोटं. तेव्हा मी ठरवलं, मी जाऊन सांगते. मला कुणी सांगितलं नाही ते नाही, पण मी सांगीन.

सकाळी गेले. पोरांना गोल बसवलं, खाली त्यांच्यासारखीच मांडी घालून बसले. शब्द जुळवून ठेवले होते तेवढे सगळे पळाले. शेवटी सरळ सांगितलं. बडी दीदी गांव नहीं गई. बडी दीदी बीमार थीं, फिर मर गईं. अब वो वापस नहीं आएंगी. कोणी रडलं नाही. एकानं विचारलं, मेरे दादा जैसे? मी म्हटलं, हो, तुझ्या आजोबांसारखंच. एकानं विचारलं, तो उनका टिफिन कौन खाएगा? आणि ती महक, चार वर्षांची असेल, जी या जूनपासून आईची ओढणी गळ्यात गुंडाळून बसायची, ती उठून माझ्यासमोर आली. माझ्या डोळ्यात बघत म्हणाली, "जाते समय रुमाल दिया था?"

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलं होतं नाही म्हणायला. न सांगता गेल्या, बाळा, काही दिलं नाही, असं म्हणणार होते.

आणि मग मला दवाखाना दिसला. मी स्टेशनवर निघाले होते, घाईत होते, खांद्याला पिशवी अडकवलेली. तुम्ही म्हणालात, "उभी राहू नको अशी. बस." खाली पायरीसारखं ते लोखंडी स्टूल होतं, त्यावर बसवलंत. माझा चेहरा तुमच्या चेहऱ्यासमोर आला. म्हणालात, "रंजना, आता तू जाय. मी नाही येत आता तुझ्यासंगं." मी हसले. इतकी वर्षं प्रत्येक कचेरीच्या दारापर्यंत लुनावर आलेली बाई, म्हणून गंमत वाटली. म्हटलं, या अवस्थेत कुठे येता, पडून राहा गप. तुम्ही हसला नाहीत. उशीखालून तुमचा तो निळ्या चौकटीचा मोठा रुमाल काढलात आणि माझ्या हातात कोंबलात. "ठेव." मी म्हटलं, आहे माझ्याकडे रुमाल. "राहू दे. ठेव." मला वाटलं, डब्याचं तेल लागेल हाताला म्हणून देताहेत. दाराशी जाऊन मी म्हटलं, येते हं ताई. आपल्याकडे निघणाऱ्याला 'ये' म्हणतात, तुम्हीच मला ते शिकवलं होतं. त्या दिवशी तुम्ही 'ये' म्हणाला नाहीत. "जाय," म्हणालात. जिन्यात मला जरासं खुपलंसुद्धा, की आज असं काय बोलली ही.

येणार नसशील तर येते म्हणू नको. तुमचाच कायदा.

तुम्ही तर सगळं केलं होतंत, कुंदाताई. खाली बसवलंत, डोळ्याला डोळा लावलात, खरं सांगितलंत, ठेव दिलीत. एक पायरी चुकवली नाहीत. पोट्टीलाच कळलं नाही, ती गाडी पकडायच्या घाईत होती.

महक अजून समोर उभी. मी पर्स उघडली. रुमाल तिथंच होता, दिल्लीला जाऊन आलेला, घडीसुद्धा न मोडलेला. "हां," मी म्हटलं. "दिया था. मुझे दिया था." तिनं हात पुढे केला. बाकीची पोरंही जवळ सरकली, एकेकानं बोट लावून बघितला. मग तिनं तो ओढायला सुरुवात केली आणि मी, एवढी मोठी बाई, घट्ट धरून म्हणाले, "नहीं. ये मेरा है." तिला ते एकदम पटलं. आपली ठेव कोणी दुसऱ्याला देत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. ती बाजूला सरकली आणि खिडकीखालच्या चटईकडे बोट दाखवून म्हणाली, "वहां बैठ जाओ."

मी बसले. रडले. दुलारीनं पोरांना गाणं म्हणायला लावलं, चांगलं मोठ्यानं, आणि कुणीही मला काही म्हणालं नाही. रडणं संपलं तेव्हा ते आपलं आपण संपलं, तुम्ही म्हणायच्या तसंच.

मग उठून पुन्हा त्यांच्यात जाऊन बसले, कारण सांगायचं अर्धंच झालं होतं. म्हटलं, आता माझंही ऐका. पुढच्या महिन्यापासून मी दुसरीकडे कामाला जाणार आहे. तिथं पुष्कळ दीदी आहेत, त्यांच्याबरोबर काम करायचं आहे. रोज दुलारी दीदी तुमच्याजवळ असेल. मी शनिवारी येईन. दर शनिवारी जमेलच असं नाही, कधी गावोगाव जावं लागेल, तेव्हा आदल्या शनिवारी सांगून ठेवीन. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की माझं हो म्हणून झालेलं आहे. सोमवारी नुसतं कळवायचं राहिलं आहे. महकनं विचारलं, "और रुमाल?" माझा रुमाल नव्हता. चष्म्याचं घर दिलं. लाल आहे, टकटक वाजतं, सगळ्यांना आवडलं. आता शनिवारपर्यंत चष्मा कशात ठेवायचा हा प्रश्न आहे, पण ते बघू.

माझा राग गेला, ताई. हे सांगायलाच बसले होते, सुरुवात मात्र भांडणानं झाली, ते आपल्या सवयीनं. सोमवारी तेलीबांध्याला जाऊन तोंडी हो सांगणार आहे. तुम्ही असतात तर लुनावरून दारापर्यंत आलाच असतात. तिथं मला टेबल मिळणार आहे, खिडकीजवळचं, मी विचारून घेतलंय. त्या पांढऱ्या केसांच्या बाईंचा प्रश्न घेऊनच मी त्यावर बसणार आहे, सात वाजता वीटभट्टीवर जाणाऱ्या आईचं काय करायचं. उत्तर तुमच्याकडेही नव्हतं असं मला वाटतं, पण तुम्ही ते कबूल केलं नसतं.

रुमाल खणात ठेवणार नाही, पर्समध्येच राहील. ठेव असते ती परत न्यायला कुणीतरी येतं, असा आपला कायदा आहे. ही न्यायला कुणी येणार नाही, हे तुम्ही मला खरंखरं सांगून गेला आहात. म्हणून मीही आज 'येते' म्हणत नाही.

जाते, कुंदाताई.